पाणी किती दिवस थांबलं? सिंधमधल्या २०२२ च्या पुराचं प्रकरण

मे २०२२ मध्ये उत्तर सिंधमधल्या जेकबाबाद शहरात पारा ५१ अंश सेल्सिअसपर्यंत चढला होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याच जिल्ह्यातली गावं पाण्यात उभी होती. मार्चपासूनच्या उष्म्यानं गव्हाचा दाणा चिमला होता, पावसानं कापूस आणि भात नेला, आणि पुढची गव्हाची पेरणी तोंडावर आली तेव्हा अनेक रानांतून पाणी हटलेलं नव्हतं. वर्षभराच्या आत तीन हंगामांना धक्का बसला. ज्याच्याकडे स्वतःची जमीन, बँकेत शिल्लक आणि शहरात एखादं घर होतं, त्यानं ते तोट्याचं वर्ष म्हणून सोसलं. ज्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं, त्याच्या नावावर ते वर्ष पुढे कित्येक हंगाम कर्ज म्हणून चालत राहिलं.

या एका पुराचा अभ्यास करताना मला एकच गोष्ट नीट मांडायची आहे. पाऊस किती पडला यात हवामान बदलाचा हात होता. पण पाणी कुणाच्या दारात किती दिवस थांबलं, आणि ओसरल्यावर त्याची किंमत कोण किती वर्षं फेडत राहिलं, हे जमिनीच्या मालकीनं, उधारीनं आणि सरकारदरबारी असलेल्या वजनानं ठरवलं. गरिबांचा पूर जास्त दिवस चालतो. तो का, हे सिंधमध्ये टप्प्याटप्प्यानं दिसतं.

पाऊस

पाकिस्तानसाठी तो १९६१ पासूनचा सर्वांत ओला ऑगस्ट ठरला. देशभरात नेहमीच्या तिपटीहून जास्त पाऊस झाला. सिंध आणि बलुचिस्तान या दक्षिणेकडच्या प्रांतांत तर नेहमीच्या सात ते आठ पट. नौशहरो फिरोज जिल्ह्यातल्या पडीदन इथं त्या एका महिन्यात १,२०० मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली. हा मुळात कोरडा मुलूख. इथली शेती पावसावर नाही, तर सिंधू नदीवरच्या गुड्डू, सक्कर आणि कोटरी या बराजांतून, म्हणजे मोठ्या बंधाऱ्यांतून, निघणाऱ्या कालव्यांवर चालते. खेड्यातली घरं मातीची, छपरं सपाट. एवढा पाऊस येईल असं धरून ती कुणी बांधलेलीच नव्हती.

२०१० चा महापूर वेगळा होता. तो नदीचा पूर होता. उत्तरेतल्या डोंगरांत पडलेलं पाणी दिवसामागून दिवस खाली सरकत आलं आणि सिंधला हालचाल करायला थोडा अवधी मिळाला. २०२२ मध्ये मुख्यतः पावसाचंच पाणी थेट गावांवर पडत राहिलं, आणि पश्चिमेकडून किरथर डोंगरातले ओढे त्यात भर घालत आले. म्हणूनच मी हे प्रकरण निवडलं. नदीचा पूर नदीकाठच्याला आधी गाठतो, त्यामुळे कोण कुठं राहतो यावर बरंचसं बोट ठेवता येतं. हा पाऊस जमीनदाराच्या वाड्यावर आणि शेतमजुराच्या झोपडीवर एकाच वेळी पडला. तरीही परिणामांत जर जमीन-अस्मानाचा फरक पडला असेल, तर त्याचं कारण आभाळाकडे बघून सापडणार नाही.

हवामान बदलाचा वाटा किती, हे 'वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्युशन' या शास्त्रज्ञांच्या गटानं सप्टेंबर २०२२ मध्ये तपासलं. प्रत्यक्ष नोंदींवरून त्यांचा अंदाज असा, की पृथ्वी १.२ अंशांनी तापली नसती तर या दोन प्रांतांत पाच दिवसांत जास्तीत जास्त जेवढा पाऊस झाला असता, त्यापेक्षा आता तो सुमारे ७५ टक्के अधिक तीव्र झाला आहे. त्यांच्या काही प्रारूपांनी हवामान बदलाचा वाटा ५० टक्क्यांपर्यंत दाखवला, आणि या आकड्यांमधली अनिश्चितता मोठी आहे हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं. नुकसान एवढं का झालं हे सांगताना त्याच अभ्यासानं पूरक्षेत्रातली वस्ती, जुनाट पूरव्यवस्थापन आणि दारिद्र्य यांच्याकडेही बोट दाखवलं.

जगाच्या हरितगृह वायूंमध्ये पाकिस्तानचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे, ही तिथल्या सरकारची तक्रार रास्त आहे. मात्र ती तक्रार देशाच्या सीमेपाशी येऊन थांबते. ज्यांनी वायू सोडले नाहीत त्यांनीच का भोगायचं, हा प्रश्न जेवढा दोन देशांमधला आहे, तेवढाच एका तालुक्यातल्या दोन घरांमधलाही आहे.

पाणी जाणार कुठे?

सिंधचा भूगोल आधी समजून घ्यावा लागतो. हजारो वर्षं गाळ टाकत आल्यामुळे सिंधू नदी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंचावरून वाहते. त्यामुळे एकदा बाहेर साचलेलं पाणी आपोआप नदीत परत जात नाही. उतार जवळजवळ नाहीच. पूर्वी पावसाचं पाणी नदीच्या जुन्या, सोडून दिलेल्या पात्रांमधून रेंगाळत समुद्राकडे जायचं. या पात्रांना तिथं ढोरो म्हणतात. गेल्या शतकात कालवे झाले, रस्ते आणि रेल्वेचे भराव झाले, ढोऱ्यांच्या तळात शेतं आणि वस्त्या उभ्या राहिल्या. पाण्याच्या जुन्या वाटा बंद झाल्या आणि त्यांच्या जागी माणसानं आखलेले निचऱ्याचे कालवे आले.

डाव्या तीरावरचा मोठा निचरा कालवा म्हणजे 'लेफ्ट बँक आउटफॉल ड्रेन'. सिंचनामुळे जमिनी क्षारपड होत होत्या. ते खारट पाणी समुद्रात सोडण्यासाठी जागतिक बँकेसह अनेकांच्या पैशातून तो बांधला गेला. समुद्राकडचं त्याचं टोक १९९९ च्या चक्रीवादळात खचलं. २००३ च्या पावसात याच कालव्यानं बदीन जिल्ह्यातल्या गावांना बुडवलं. गावकऱ्यांनी जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार नेली. २००६ मध्ये मंडळाचा अहवाल आला आणि त्यात आखणीतल्या गंभीर त्रुटी मान्य केलेल्या होत्या. वरच्या जिल्ह्यांतल्या शेतांचं पाणी खालच्या टोकाच्या मच्छीमार आणि मजूर वस्त्यांपर्यंत आणून सोडणारी ही व्यवस्था २०११ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये तुंबली. बदीनच्या लोकांची जुनी मागणी आहे की ढोरो पुराणसारख्या नैसर्गिक वाटा मोकळ्या करा. त्या वाटांवर आता शेती आहे, आणि ती हटवायची म्हणजे वजनदार लोकांच्या कुंपणाला हात लावावा लागतो.

उजव्या तीरावर दादू जिल्ह्यात चित्र आणखी उघड होतं. डोंगरी ओढ्यांचं पाणी बांध फोडत दक्षिणेकडे येत होतं आणि शेवटी मंचर तलावात साचत होतं. खैरपूर नाथन शाह हे शहर २०१० प्रमाणेच पुन्हा बुडालं. मेहड आणि जोही इथल्या लोकांनी स्वतः माती आणि पोती टाकून शहराभोवती रिंगबांध उभे केले, रात्रंदिवस पहारा दिला आणि आपली गावं वाचवली. त्यांच्या एकजुटीचं मला मनापासून कौतुक वाटतं. पण एका अप्रिय गोष्टीकडे डोळेझाक करता येत नाही. शहराला बांध पडला की शहरात न शिरलेलं पाणी बाहेरच्या वाड्यावस्त्यांमध्ये अधिक उंच चढतं. शहरात दुकानं असतात, तिथून ट्रॅक्टर आणि खोदाई यंत्रं बोलावता येतात, अधिकाऱ्याला फोन लावता येतो. वीस-पंचवीस झोपड्यांच्या वस्तीकडे यातलं काही नसतं.

मग ४ सप्टेंबरला प्रशासनानं मंचर तलावाचा बांध स्वतःच फोडला. सेहवान आणि भान सईदाबाद ही दाट वस्तीची गावं वाचवायची होती. सेहवान तालुक्यातल्या ग्रामीण भागात पाणी सोडलं तर लाखभर लोक विस्थापित होतील, असा अंदाज त्याच वेळी दिला गेला होता. मोठ्या वस्तीसाठी लहान वस्तीचा बळी देण्याचा हिशोब अभियंत्याच्या कागदावर पटण्यासारखा असतो, आणि तलाव स्वतःहून फुटला असता तर कदाचित याहून भयंकर झालं असतं. माझा आक्षेप बांध फोडण्याला नाही. ज्यांच्या रानात पाणी मुद्दाम सोडलं, त्यांचं नुकसान 'नैसर्गिक आपत्ती' या सदरात घालण्याला आहे. कुठला बांध कधी फोडायचा हे ठरलेलं असतं, तर कुणाला काय भरपाई मिळेल हेही आधीच ठरलेलं आणि जाहीर असायला हवं. २०१० मध्ये सिंधू नदीकाठचा तोरी बांध फुटल्यानंतर बड्यांच्या जमिनी वाचवण्यासाठी पाणी वळवल्याचे आरोप वर्षानुवर्षं होत राहिले. नियम आधी लिहिलेला नसला की प्रत्येक बांधामागे कुणाचा तरी हात दिसतो, आणि पुष्कळदा तो असतोही.

हारीचा हिशोब

सिंधच्या ग्रामीण भागात असंख्य कुटुंबांकडे स्वतःची जमीन नाही. ती जमीनदाराची, म्हणजे वडेऱ्याची जमीन वाट्यानं कसतात. अशा कसणाऱ्याला हारी म्हणतात. पीक निम्मं-निम्मं हा साधारण रिवाज. बियाणं, खत, औषध जमीनदार आणून देतो आणि हारीच्या वाट्याचा खर्च त्याच्या नावावर मांडतो. घरात लग्न, आजारपण किंवा पिठाची ददात आली की पुन्हा उचल. वहीत लिहिणारा जमीनदाराचा कमदार, म्हणजे कारभारी, असतो. हारीला बहुधा लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळे वहीतला आकडा हाच खरा.

पूर या वहीत काय करतो ते बघा. समजा एका कुटुंबाच्या नावावर आधीचे १ लाख पाकिस्तानी रुपये आहेत आणि या हंगामात वाट्याचा खर्च म्हणून ६० हजार मांडले गेले. पीक आलं असतं तर हारीचा वाटा १ लाख २० हजार झाला असता आणि बाकी ४० हजारांवर उतरली असती. पीक गेलं, म्हणजे बाकी १ लाख ६० हजार. पाण्यात काढलेल्या महिन्यांतलं पीठ, औषध, ताडपत्री धरून आणखी ४० हजार. आता बाकी २ लाख. पुढच्या हंगामाची पेरणी झाली नाही, म्हणजे ती तशीच उभी. नंतरचा प्रत्येक हंगाम उत्तम गेला आणि खर्च वजा जाता ६० हजार सुटले, तरी फेडायला चार हंगाम लागतात, तेही त्या काळात घरात एक पैसाही खर्च झाला नाही असं मानून. हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण वहीची रीत हीच आहे. दोन पुरांमधलं अंतर चार हंगामांपेक्षा कमी झालं की ही बाकी कधीच शून्यावर येत नाही. सिंधनं २०१०, २०११ आणि २०२२ पाहिलं आहे.

जमीनदाराचंही नुकसान झालं, हे खरं. रुपयांत मोजलं तर ते हारीपेक्षा कितीतरी मोठं असेल. पण त्याची जमीन जागेवर असते आणि त्या जमिनीवर त्याला बँक उभं करते. जिल्हा आपत्तिग्रस्त जाहीर झाला की जमीन महसुलात आणि पाणीपट्टीत सूट मिळते, बँकेच्या पीककर्जाची मुदत वाढते. या सगळ्या सवलती ज्याच्या नावावर काहीतरी नोंदलेलं आहे त्याच्यासाठी आहेत. हारीचं कर्ज कुठल्याही सरकारी नोंदवहीत नाही, म्हणून ते माफही करता येत नाही आणि पुढेही ढकलता येत नाही. मला विचाराल तर संपूर्ण प्रकरणातली ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी बोलली जाणारी बाब आहे.

हे कुणाला ठाऊक नव्हतं असंही नाही. सिंध सरकारनं नेमलेल्या हारी चौकशी समितीतले एक सदस्य, सनदी अधिकारी मोहम्मद मसूद यांनी १९४८ मध्ये बहुमताच्या अहवालाला विरोध करणारी टिप्पणी लिहिली. हारीचं दैन्य आणि जमीनदारापुढची त्याची लाचारी त्यांनी त्यात नोंदवली. ती टिप्पणी सुरुवातीला दाबून ठेवली गेली. हैदर बख्श जतोई यांच्या नेतृत्वाखाली हारींनी लढा दिला आणि १९५० चा सिंध कूळ कायदा पदरात पडला. वेठबिगारी बंद करणारा देशाचा कायदा १९९२ चा, सिंधचा स्वतःचा २०१५ चा. कायदे झाले, पण वही जमीनदाराच्या घरातच राहिली. खालच्या सिंधमध्ये हारींमध्ये कोल्ही, भील, मेघवाड या समाजांची मोठी संख्या आहे. २०१८ मध्ये पाकिस्तानच्या सिनेटवर निवडून गेलेल्या कृष्णा कुमारी कोल्ही यांनी बालपणातली काही वर्षं एका जमीनदाराच्या खासगी कैदेत, कुटुंबासह मजुरी करत काढली होती. हा फार जुना इतिहास नाही.

आता 'इशारा मिळूनही लोक हलले का नाहीत' हा प्रश्न या वहीशेजारी ठेवून बघू. हलायला गाडीभाडं लागतं. ज्याच्या नावावर बाकी आहे त्यानं सामान बांधून निघणं म्हणजे पळून जाणं समजलं जाऊ शकतं. झोपडी जमीनदाराच्या किंवा सरकारच्या जागेवर असते. एकदा सोडली की परत तीच जागा मिळेल याची हमी नाही. आणि घरात दोन शेळ्या, एखादी म्हैस असते. हारीच्या घरातली सगळी बचत चार पायांवर उभी असते, ती ट्रकमध्ये बसत नाही आणि मदत छावणीत तिला चारा मिळत नाही. देशभरात या पुरात ११ लाखांहून अधिक जनावरं दगावली. जी वाचली त्यांतली बरीचशी चाऱ्याअभावी मिळेल त्या भावाला विकली गेली. कालव्यांच्या आणि रस्त्यांच्या भरावांवर बाज टाकून, शेजारी जनावर बांधून महिनोन् महिने बसलेली कुटुंबं जगानं छायाचित्रांत पाहिली. ती तिथं अडकून पडली होती, हे तर आहेच. पण उरलेलं राखायला ती तिथं जाणूनबुजून बसली होती, हेही ध्यानात घ्यायला हवं.

बायकांचा हिशोब यातही वेगळा. सिंधमध्ये कापूस वेचणं हे जवळपास पूर्णपणे बायकांचं काम आहे आणि त्याची मजुरी वजनावर मिळते. अनेकींच्या हातात रोख पैसा पडतो तो वर्षातून याच दिवसांत. कापूस पाण्यात गेला तेव्हा ही मजुरीही बुडाली. ती पिकाच्या नुकसानीत धरली जात नाही, कारण पीक त्यांचं नव्हतं.

साचलेल्या पाण्यातले महिने

देशभरात या पुरात १,७३९ माणसं गेली आणि सर्वाधिक मृत्यू सिंधमधले. पण साचून राहिलेल्या पाण्यानं केलेली हानी या आकड्यात मावत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीप्रमाणे २०२२ च्या पहिल्या आठ महिन्यांतच देशात हिवतापाचे ३४ लाखांहून अधिक संशयित रुग्ण आढळले. आदल्या पूर्ण वर्षात ते २६ लाख होते. हगवण, त्वचारोग, सर्पदंश हे सोबतच होते. पूरग्रस्त भागात साडेसहा लाख गर्भवती आहेत, असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा अंदाज होता. जानेवारी २०२३ मध्ये, म्हणजे पाऊस थांबून चार महिने होत आले तेव्हाही, ४० लाखांपर्यंत मुलं साचलेल्या दूषित पाण्याजवळच राहत असल्याचं युनिसेफनं सांगितलं.

ज्याच्याकडे पंप, डिझेल आणि ट्रॅक्टर होता त्यानं आपल्या शेतातलं पाणी उपसलं. ते पाणी कुठंतरी जायचंच, आणि ते बहुधा खालच्या अंगाला गेलं. पंप नसलेल्यानं उन्हाची वाट पाहिली. उन्हानं पाणी आटतं तेव्हा मागे क्षार राहतात. म्हणजे जे शेत जास्त दिवस पाण्यात राहिलं, त्याचं पुढचं पीकही कमी येण्याची शक्यता वाढली.

नुकसान कसं मोजलं गेलं

ऑक्टोबर २०२२ मध्ये पाकिस्तान सरकार, जागतिक बँक, आशियाई विकास बँक, युरोपीय संघ आणि संयुक्त राष्ट्रं यांनी मिळून नुकसानीचा अंदाज मांडला. १४.९ अब्ज डॉलरची मालमत्ता नष्ट, १५.२ अब्ज डॉलरचं उत्पन्न बुडालं, पुनर्बांधणीला किमान १६.३ अब्ज डॉलर. या नुकसानीतला जवळजवळ ७० टक्के वाटा एकट्या सिंधचा. दारिद्र्याचं प्रमाण ३.७ ते ४ टक्के बिंदूंनी वाढेल आणि ८४ ते ९१ लाख माणसं नव्यानं दारिद्र्यरेषेखाली जातील, हाही त्याच अहवालाचा अंदाज.

शेवटचं वाक्य त्या अहवालात आहे, याचं मला महत्त्व वाटतं. कारण नुसत्या डॉलरमध्ये मोजलं की गरिबांचं नुकसान लहान दिसतं. मातीच्या झोपडीची किंमत किती, दोन शेळ्यांची किती? एका पुलापुढे हजार झोपड्या हलक्या ठरतात. जागतिक बँकेच्याच २०१६ च्या एका अभ्यासानं हा दोष दाखवून दिला होता. नुकसान रुपयांत मोजण्याऐवजी माणसाच्या जगण्यावर झालेल्या परिणामात मोजलं, तर नैसर्गिक आपत्तींमुळे जगाचा दरवर्षी ५२० अब्ज डॉलरइतका उपभोग बुडतो आणि सुमारे २ कोटी ६० लाख माणसं दारिद्र्यात ढकलली जातात, असं त्यात म्हटलं आहे. आधीच्या पद्धतीनं मोजलेल्या मालमत्तेच्या हानीपेक्षा हा आकडा बराच मोठा आहे. मोजमापाची पद्धत हा वरवर तांत्रिक मुद्दा वाटतो, पण बांध आधी कुठं दुरुस्त करायचा आणि निधी कुठल्या तालुक्याला द्यायचा हे त्यावरच ठरतं.

मदत

जे नीट झालं ते आधी सांगतो. 'बेनझीर इन्कम सपोर्ट प्रोग्राम' ही गरीब कुटुंबांतल्या बायकांना थेट रोख मदत देणारी योजना २००८ पासून चालू होती. गरीब घरांची यादी तयार होती, पैसे पोचवायची व्यवस्था होती. त्यामुळे प्रत्येक कुटुंबाला २५,००० रुपयांप्रमाणे सुमारे २७-२८ लाख कुटुंबांपर्यंत मदत काही आठवड्यांत पोचली. पुराच्या दिवसांत यादी करायला बसलं असतं तर हे शक्य नव्हतं. उणीवही इथंच होती. पैसे घ्यायला राष्ट्रीय ओळखपत्र लागतं, आणि ज्या घरातल्या बाईनं ते कधी काढलंच नाही किंवा पुरात गमावलं, ते घर यादीबाहेर राहिलं. सर्वांत गरीब घरांत अशा बाया जास्त असतात. शिवाय वरच्या वहीचा हिशोब आठवला तर २५,००० रुपये कुठं गेले असतील हे सांगायला नको.

दुसरं काम घरांचं. देशात २२ लाखांहून अधिक घरं पडली किंवा तडकली, त्यांतली बहुतेक सिंधमधली. सिंध सरकारनं सुमारे २१ लाख घरं बांधण्याची योजना आखली. कुटुंबाला टप्प्याटप्प्यानं ३ लाख रुपये, बांधकाम लोकांनी स्वतः करायचं, घर पुरात तग धरेल असं. या योजनेतली खरी मोलाची गोष्ट सिमेंट-विटांत नाही. घराखालच्या जागेची मालकी घरातल्या बाईच्या नावानं द्यायची, असं त्यात ठरलं. ज्या हारीच्या पायाखालची जमीन कधीच त्याची नव्हती, त्याच्यासाठी हा कागद म्हणजे जमीनदारानं 'ऊठ' म्हटल्यावर न उठण्याची पहिली सोय आहे. अर्थात सरकारी जागेवरच्या वस्तीत हे जितकं सोपं, तितकं खासगी जमिनीवरच्या वस्तीत नाही.

कमी खर्चात टिकाऊ घर होऊ शकतं, हे वास्तुरचनाकार यास्मिन लारी यांनी आधीच दाखवून दिलं होतं. बांबू, चुना आणि माती वापरून, उंच जोत्यावर, लोकांच्याच हातून घरं बांधायची त्यांची पद्धत २०१० च्या पुरानंतर सिंधमध्ये रुजली, आणि त्या पद्धतीनं उभ्या राहिलेल्या काही वस्त्या २०२२ च्या पाण्यात टिकल्या. २०२३ मध्ये ब्रिटनच्या वास्तुरचनाकारांच्या रॉयल इन्स्टिट्यूटनं त्यांना सुवर्णपदक दिलं. अशी घरं हवीतच. पण घर उंच जोत्यावर कोरडं राहिलं आणि भोवतीचं रान तीन महिने पाण्यात राहिलं, तर घर वाचतं आणि वही फुगतच राहते.

आंतरराष्ट्रीय पातळीवर ९ जानेवारी २०२३ ला जिनिव्हात परिषद भरली आणि ९ अब्ज डॉलरहून अधिक रकमेची आश्वासनं मिळाली. त्यांतली बहुतांश रक्कम कर्जाच्या रूपात होती. पाकिस्तान तेव्हा परकीय चलनाच्या टंचाईनं आणि जुन्या देण्यांनी बेजार होता. बुडालेल्याला सावरायला नवी उचल, हा हारीच्या वहीतला व्यवहार इथं देशाच्या पातळीवर झाला. त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये शर्म अल-शेख इथल्या हवामान परिषदेत हानी आणि नुकसानीसाठी वेगळा निधी उभारायचं ठरलं. त्या वर्षी विकसनशील देशांच्या गटाचं अध्यक्षपद पाकिस्तानकडे होतं आणि सिंधमधल्या पुराचं उदाहरण तिथं वारंवार दिलं गेलं. ज्यांच्या नावानं हा निधी मागितला, त्यांच्यापर्यंत तो जायचा असेल तर तो इस्लामाबादेत किंवा कराचीत कर्जफेड आणि रस्त्यांमध्ये विरघळता कामा नये. निधी देणाऱ्यांनी पुलांच्या यादीबरोबर हारींच्या बाकीची यादी मागावी, एवढी माझी अपेक्षा आहे.

काय शिल्लक आहे

दादू जिल्ह्यातून २०२४ मध्ये आलेल्या बातम्यांत असं दिसलं, की पुरानंतर हाता-तोंडाची गाठ पडेना म्हणून काही घरांनी अल्पवयीन मुलींची लग्नं लावून दिली आणि त्या बदल्यात पैसे घेतले. पाणी ओसरून दोन वर्षं झाली होती.

या प्रांतात करण्यासारखं बरंच काही आहे आणि त्यातलं पुष्कळ फार खर्चाचं नाही. हारी आणि जमीनदार यांच्यातल्या उचलीची तालुका पातळीवर लेखी नोंद व्हावी, तिची एक प्रत हारीकडे असावी. जिल्हा आपत्तिग्रस्त जाहीर झाला की बँकेच्या कर्जाप्रमाणे या उचलीची वसुलीही थांबावी. निचरा कालव्यांची आणि बांध फोडण्याच्या ठिकाणांची आखणी ज्या वस्त्यांच्या अंगावर पाणी येणार त्यांना आधी दाखवावी. पावसाळ्याआधी ओळखपत्र नसलेल्या बायकांसाठी फिरती केंद्रं गावोगाव जावीत. यांपैकी ओळखपत्रांचं काम सर्वांत सोपं, आणि उचलीच्या नोंदीचं सर्वांत अवघड, कारण विधानसभेत बसणाऱ्यांपैकी बरेच जण स्वतः जमीनदार आहेत. तरीही सुरुवात त्या नोंदीपासूनच व्हायला हवी असं मला वाटतं. ढोरो मोकळा करायला यंत्रं लागतील, अतिक्रमणं हटवावी लागतील, कोर्टकचेऱ्या होतील. वहीची प्रत काढायला यातलं काही लागत नाही, आणि पुढचा पाऊस येण्याआधी ते होऊ शकतं.